१९२ औंसांची वेस

अमेरिका हा एक देश असला तरी मद्याच्या बाबतीत तो पन्नास निरनिराळ्या देशांचा समूह आहे, ही गोष्ट पिट्सबर्गसारख्या शहरात राहायला आलेल्या मराठी माणसाच्या ध्यानात बहुधा एखाद्या ऑर्डरच्या निमित्ताने येते. गोडा मसाला, कोकम, मेतकूट आणि चकलीची भाजणी दुसऱ्या राज्यातील दुकानातून दोन-चार दिवसांत विनासायास दारात येते. पण व्हरमाँट किंवा कॅलिफोर्नियातील एखाद्या छोट्या ब्रुअरीची बिअर मागवायची झाली, की सर्वप्रथम वय विचारले जाते, त्यानंतर राज्य विचारले जाते, आणि व्यवहार पुढे सरकणार की तेथेच थांबणार हे त्या दुसऱ्या उत्तरावर ठरते. गावाच्या वेशीवर परक्या मालाची चौकशी व्हावी तशी ही चौकशी आहे, आणि तिच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

अशी बिअर मुद्दाम लांबून का मागवावी, हे समजण्यासाठी क्राफ्ट बिअर म्हणजे काय ते आधी पाहावे लागते. छोट्या आणि स्वतंत्र मालकीच्या ब्रुअरीत तयार होणाऱ्या बिअरला हे नाव आहे. ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकी संघटनेच्या व्याख्येनुसार वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणारी ब्रुअरी ‘छोटी’ मानली जाते, एक बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर. मात्र प्रत्यक्षात बहुसंख्य ब्रुअऱ्या या मर्यादेच्या आसपासही नसतात आणि एका शहरापुरते किंवा एका पेठेपुरतेच उत्पादन करतात. घरच्या घरी बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये, जिमी कार्टर अध्यक्ष असताना, मान्यता मिळाली आणि स्वयंपाकघरात हात बसलेल्या हौशी माणसांमधूनच पुढे अनेक व्यावसायिक निर्माण झाले. कॅलिफोर्नियातील चिको या गावी १९८० मध्ये सुरू झालेली सिएरा नेवाडा ही या परंपरेतील आरंभीची ब्रुअरी होय. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशभरात शंभराहून कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या; आज त्यांची संख्या नऊ हजारांच्या पुढे आहे. व्हरमाँटमधील वॉटरबरी या लहानशा गावी द अल्केमिस्ट या ब्रुअरीने ‘हेडी टॉपर’ नावाची गढूळ, सुवासिक बिअर डब्यांत भरायला २०११ मध्ये सुरुवात केली, तेव्हा ती त्या परिसराबाहेर मिळत नसल्यामुळे इतर राज्यांतील रसिक तिच्यासाठी मोटारीने तेथवर जाऊ लागले. जी चव एका गावाची असते, तिला गावाबाहेर नेणारी वाट कायद्याने किती रुंद ठेवली आहे, हा खरा प्रश्न आहे.

या वाटेची रुंदी ठरली ती दारूबंदीच्या अनुभवातून. अठराव्या घटनादुरुस्तीने जानेवारी १९२० पासून संपूर्ण अमेरिकेत मद्याचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक बंद झाली, आणि एकविसाव्या घटनादुरुस्तीने ५ डिसेंबर १९३३ रोजी ही बंदी उठली. तथापि याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने, एखाद्या राज्याचे कायदे मोडून त्या राज्यात मद्य आणण्यास मनाई केली. म्हणजे बंदी गेली, पण वेशीवरचा पहारा प्रत्येक राज्याच्या हाती आला. त्यानंतर बहुतेक राज्यांनी ‘त्रिस्तरीय व्यवस्था’ स्वीकारली; तिच्यानुसार उत्पादकाने फक्त घाऊक वितरकाला विकायचे, वितरकाने फक्त किरकोळ विक्रेत्याला विकायचे आणि ग्राहकाने केवळ त्या विक्रेत्याकडूनच घ्यायचे असते. या रचनेमागचा हेतू प्रामाणिक होता, कारण बंदीपूर्व काळात मोठे उत्पादक गुत्त्यांना पैसा पुरवून आपल्या दावणीला बांधत आणि अधिकाधिक दारू खपवण्यास भाग पाडत, हा अनुभव समाजाच्या स्मरणात ताजा होता. पण त्याच रचनेने, ज्या मालाला वितरक मिळत नाही तो माल त्या राज्यात येऊच शकत नाही, अशी स्थितीही निर्माण केली. १९७७ च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ या लोकप्रिय चित्रपटाचे सारे कथानक टेक्सारकानाहून अटलांटाला कूर्स बिअरचे ४०० खोके बेकायदा नेण्यावर उभे आहे, कारण पश्चिमेकडची ही बिअर त्या काळी पूर्वेकडच्या राज्यांत विकली जात नव्हती.

वाइनच्या बाबतीत ही कोंडी २००५ मध्ये फुटली. मिशिगन आणि न्यूयॉर्क ही राज्ये आपल्या हद्दीतील वाइन-उत्पादकांना ग्राहकाच्या घरी थेट माल पाठवू देत आणि बाहेरच्यांना मात्र अडवत. ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर बहुतेक राज्यांनी वाइनला दार उघडले. बिअरला या निकालाचा तितका लाभ झाला नाही, कारण न्यायालयाने समान वागणूक मागितली होती, खुला व्यापार मागितला नव्हता, आणि जे राज्य स्वतःच्या ब्रुअरीलाही घरपोच माल पाठवू देत नाही ते बाहेरच्या ब्रुअरीवर अन्याय करते असे म्हणता येत नाही. अर्थकारणही बिअरच्या विरोधात आहे. तिचा जवळपास सगळा भार पाण्याचा असतो, किंमत वाइनच्या मानाने कमी असते, आणि त्यामुळे वाहतुकीचा खर्च कित्येकदा मालाच्या किमतीला येऊन भिडतो. परिणामी बाहेरच्या ब्रुअरीकडून घरपोच बिअर मागवण्याची मुभा आजही मोजक्याच राज्यांत आहे.

पिट्सबर्ग ज्यात आहे ते पेनसिल्व्हेनिया हे त्या मोजक्या राज्यांपैकी एक आहे, आणि हे विशेष आहे, कारण मद्यावरील कडक नियंत्रणासाठी हेच राज्य देशात ओळखले जाते. बंदी उठत असतानाच, १९३३ मध्ये, गव्हर्नर गिफर्ड पिंचो यांच्या कारकिर्दीत येथे मद्यनियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि कडक मद्याची बाटली आजही मुख्यतः सरकारी दुकानातूनच घ्यावी लागते. बिअरसाठी ‘डिस्ट्रिब्युटर’ नावाची वेगळी दुकाने आहेत, जेथे अनेक दशके २४ बाटल्यांचा अख्खा खोकाच घ्यावा लागे. २०१६ च्या सुधारणांनंतर तेथे सहा बाटल्यांचा संचही मिळू लागला. बाहेरच्या परवानाधारक ब्रुअरीला एका रहिवाशाकडे महिन्याला जास्तीत जास्त १९२ औंस बिअर पाठवता येते, आणि त्यातही एकाच ब्रँडची ९६ औंसांहून अधिक चालत नाही. १९२ औंस म्हणजे सुमारे ५.७ लिटर, अर्थात १६ औंसांचे बारा डबे. ही मात्रा घरी चाखण्यास पुरेशी आहे आणि चोरटा धंदा करण्यास अपुरी आहे.

हे पार्सल टपालाने येत नाही, कारण अमेरिकी टपालखात्यातून मद्य पाठवण्यास कायद्याने मनाई आहे. ते खासगी कुरिअरने येते. कागदाच्या लगद्यापासून बनवलेल्या साच्यात डबे खोवून बसवलेले असतात, खोक्यावर २१ वर्षांवरील व्यक्तीची सही आवश्यक असल्याची ठळक पट्टी असते, आणि डब्याच्या तळाशी तो भरल्याची तारीख छापलेली असते. या तारखेला महत्त्व आहे, कारण बिअरला कडवटपणा व सुवास देणारी हॉप्स ही वेलीची फुले असतात आणि त्यांचा सुवास उष्णतेने व काळाने उडून जातो; जुलैच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस फिरलेला डबा हा ब्रुअरीच्या शीतकपाटातून काढलेल्या डब्यासारखा लागत नाही. पार्सल उंबऱ्यावर ठेवून जाण्याची सोय नसल्यामुळे घरी कोणीतरी असावे लागते. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याजवळ ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्टच असतो, त्यावर दिवस आधी आणि महिना नंतर लिहिलेला असतो, तर अमेरिकेत महिना आधी वाचण्याची रीत आहे, त्यामुळे जन्मतारीख बोट ठेवून समजावून द्यावी लागते. नोकरदार दांपत्याच्या घरी दुपारी बहुधा सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आईवडीलच असतात, आणि ज्या वडिलांनी आयुष्यात कधी घेतली नाही त्यांनाच मुलाच्या बिअरसाठी सही करावी लागते.

मराठी माणसाला ही व्यवस्था वाटते तितकी परकी नाही. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही मद्य हा राज्यांचाच विषय आहे, आणि वस्तू व सेवा कर आल्यावर बहुतेक मालाचे जकातनाके इतिहासजमा झाले तरी पिण्याचे मद्य त्या कराबाहेरच राहिले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, दारूच्या परमिटची पद्धत त्यातलीच आहे, आणि गोव्याहून परतणाऱ्या गाड्यांची सिंधुदुर्गातील तपासणी नाक्यांवर होणारी झडती कोकणातील कोणालाही ठाऊक आहे. गावातील दारूचे दुकान राहावे की बंद व्हावे यासाठी महाराष्ट्रात मतदान होते आणि मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात. पेनसिल्व्हेनियातही स्थानिक मतदानाने मद्यविक्री नाकारलेली गावे आजवर टिकून आहेत. ज्या बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद व्हावे यासाठी, रांगा लावल्या त्यांचे दुःख खरे होते, आणि म्हणून मद्यावरील प्रत्येक निर्बंध हा मागासलेपणा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु निर्बंधाने आपला हेतू सोडता कामा नये. वय तपासणे, मात्रा मोजणे, कर भरून घेणे आणि पुनर्विक्री रोखणे हे संयमाचे हेतू आहेत, आणि १९२ औंसांच्या नियमात ते सर्व साधले जातात. मग इतर राज्यांतील घरपोच बिअरवरील सरसकट बंदीने त्यापलीकडे साधते ते प्रामुख्याने वितरकांच्या धंद्याचे संरक्षण. त्याची झळ मोठ्या कंपन्यांना लागत नाही, कारण त्यांचे वितरक प्रत्येक राज्यात आहेत. ती लागते वर्षाला काहीशे बॅरल करणाऱ्या त्या ब्रुअरीला, जिच्या एवढ्याशा मालासाठी कोणताही वितरक दूरच्या राज्यात गाडी पाठवणार नाही. कडक नियंत्रणाची परंपरा असलेल्या पेनसिल्व्हेनियाला जे जमले, ते अधिक सैल राज्यांना जमू नये याला सबळ कारण दिसत नाही. मराठीत वेस म्हणजे गावाची हद्दही आणि त्या हद्दीतला दरवाजाही. पिट्सबर्गच्या दारात उभा असलेला कुरिअरवाला पासपोर्टवरची तारीख वाचतो, वडिलांची सही घेतो आणि खोका त्यांच्या हाती देतो, तेव्हा कायद्याने विचारायचे ते सारे विचारून झालेले असते आणि तरीही माल आत आलेला असतो.