गोलंदाजांचं नेट

रणजीच्या संभाव्य खेळाडूंच्या यादीत माझं नाव आलं, मुंबईची टोपी मात्र मिळाली नाही. कांगा लीग, टाइम्स शील्ड आणि बँकेची नोकरी यांतच माझी डावखुरी फिरकी खर्ची पडली. ज्या शहरात पद्माकर शिवलकरांना प्रथम श्रेणीत 589 बळी घेऊनही भारताकडून एक कसोटी खेळायला मिळाली नाही, तिथे त्या यादीपर्यंत पोहोचणं मी आजही मानाचं समजतो. निवृत्तीनंतर शिवाजी पार्कवर 14 वर्षांखालच्या मुलांना शिकवायला लागलो.

इथलं जवळपास प्रत्येक नेट फलंदाजासाठी लागतं. एकजण पॅड बांधून उभा, समोर आठ-दहाजण चेंडू टाकताहेत. फलंदाज चुकला की कोच खेळ थांबवून त्याचा पाय, कोपर, डोकं बघतो. चेंडू टाकणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो आपला परत जाऊन रांगेत उभा राहतो. अशा मुलाला दोन षटकार बसले की तो घाबरून सपाट आणि जोरात टाकायला लागतो. चेंडू मारता आला नाही की सगळ्यांना बरं वाटतं आणि तिथेच एक फिरकी गोलंदाज संपतो. मुंबईच्या मैदानांवर हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला त्याचा राग येतो.

म्हणून मी गोलंदाजांचं वेगळं नेट सुरू केलं. त्यात फलंदाजच नसतो. दोन बांबूंना सुतळी बांधून ती खेळपट्टीवर आडवी ताणायची, फलंदाजाच्या डोळ्यांच्या जरा वर. चेंडू सुतळीवरून गेला पाहिजे आणि तरीही टप्पा पुढेच, गुड लेन्थवर पडला पाहिजे. पहिले काही आठवडे मुलं फुलटॉसच टाकतात. मग खांदा वळायला लागतो, पुढचा पाय घट्ट रोवला जातो आणि तर्जनीने चेंडू फिरल्याचा आवाज ऐकू येतो. फार लहान मुलांच्या हातात मी मोठ्यांचा, साधारण 160 ग्रॅमचा चेंडू देत नाही. तो त्यांच्या बोटांत मावत नाही, मग ती तळव्याने ढकलतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. नियमांत 13 वर्षांखालच्यांसाठी 133 ते 144 ग्रॅमचा चेंडू सांगितलाय, तो याचसाठी.

अर्थात सुतळीच्या नेटमध्ये धीर येत नाही, तो सामन्यातच येतो. रमाकांत आचरेकर सर मुलांना स्कूटरवर बसवून एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात नेत, ते उगीच नाही. मीही कर्णधाराला आधीच बजावून ठेवतो, मार बसला तरी स्पिनरला काढायचं नाही. गेल्या मोसमात आमच्या एका लेगस्पिनरला ओळीने तीन चौकार बसले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, वर टाक. त्याने पुढचा चेंडू आणखी वर दिला. त्या दिवशी त्याला एकही बळी मिळाला नाही. वडील संध्याकाळी विचारायला आले, “सर, याला बॅटिंगला घालू का?” मी म्हटलं, “आज तो पहिल्यांदा गोलंदाजासारखा खेळला. त्याला गोलंदाजी सोडायला लावू नका.”

मैदानावर शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस फलंदाजाला नेटबाहेर बसवा आणि चेंडू टाकणाऱ्या पोराकडे बघा.