पाळण्यातले विमापत्र

आपल्याकडे मूल पाच-सहा दिवसांचे झाले की सटवाईची पूजा मांडतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा तेवत ठेवायचा आणि घरातल्यांनी निजायचे. रात्री सटवाई येते आणि बाळाचे भविष्य लिहून जाते, अशी श्रद्धा. सकाळी कागद कोराच असतो; पण त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. २०२५ च्या जून महिन्यात माझ्या दादाला मुलगी झाली, तेव्हा या कोऱ्या कागदापाठोपाठ आणखी एक कागद घरात आला. तो मात्र आम्हांलाच भरायचा होता. तो होता आरोग्यविम्याचा प्रस्ताव-अर्ज.

आता तुम्ही म्हणाल, वार्षिकात लिहायला हा काय विषय झाला? पहिला पाऊस आहे, सहलीतल्या गमती आहेत, गेला बाजार एखादी प्रेमकविता आहे. पण मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. 'जोखीम' या शब्दावर मी परीक्षेत चार गुणांची टीप लिहिली होती. तिचे वजन एक किलो नऊशे ग्रॅम असू शकते, हे मला त्या महिन्यात कळले.

दिवस भरायच्या सहा आठवडे आधीच आमचे बाळ जगात आले. त्याला काचेच्या पेटीत ठेवले. पेटीवर चिठ्ठी होती 'बेबी ऑफ' आणि पुढे वहिनीचे नाव. मी आत्या, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. पण बाराव्या दिवशी बाळ नुकतेच घरी आलेले, बारसे लांबले. कायद्यानेही नावाची घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, नाव मात्र मागाहून घालता येते. इस्पितळाच्या बिलाला तेवढा धीर नसतो. ज्या जिवाला अजून नाव नव्हते, त्याच्या नावे रोज एक नवा आकडा लिहिला जात होता.

दादा वाळूजच्या एका कारखान्यात आहे. पूर्वी त्याचे ईएसआयचे कार्ड होते. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही कामगार राज्य विमा योजना. तिच्यात कामगाराचे मूल जन्मल्याबरोबर हक्काचे ठरते. पण २०१७ मध्ये या योजनेसाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये अशी ठरली आणि पुढे दादाचा पगार त्या रेषेच्या वर गेला. घरात पेढे आले आणि कार्ड गेले! मग त्याने ओळखीच्या एजंटाकडून पाच लाखांची कौटुंबिक पॉलिसी घेतली. तिच्यात एक कलम होते : मुलाला ९० दिवस पूर्ण झाल्यावरच पॉलिसीत सामील करता येईल.

हे कलम काही एकाच कंपनीचे नाही. कुटुंबांना विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉलिसींत ते असते. विमाक्षेत्राच्या प्रमाणित व्याख्येतही 'नवजात' म्हणजे पॉलिसी चालू असताना जन्मलेले, ९० दिवसांपर्यंतचे मूल. म्हणजे ज्या तीन महिन्यांत काचेच्या पेटीची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच तीन महिन्यांत पॉलिसीला बाळाची ओळख नसते.

आमची लाज राखली ती वहिनीच्या नोकरीने. ती एका खाजगी कंपनीच्या कार्यालयात हिशेबनीस आहे. तिथल्या सर्व नोकरवर्गाचा मिळून सामूहिक विमा आहे आणि त्यात बाळ पहिल्या दिवसापासून धरले जाते. फक्त वेळेत कळवावे लागते. दादाने दुसऱ्याच दिवशी कळवले. अकरा दिवसांच्या बिलातला बहुतेक भाग विम्याने भरला.

एकाच देशात, एकाच घरात, दोन पॉलिसींत एवढा फरक का? याचे उत्तर मला वर्गातच मिळाले होते, फक्त ते तेव्हा कोरडे वाटले होते. सामूहिक विम्यात निरोगी, रोगी, तरुण, प्रौढ असे सगळेच येतात. कोणी निवडून येत नाही. एकटा माणूस विमा घ्यायला जातो तेव्हा कंपनीला वाटते, हा गरज दिसली म्हणूनच आला असणार. अर्थशास्त्रात याला 'प्रतिकूल निवड' म्हणतात. तो संशय दूर ठेवण्यासाठीच ९० दिवस, ३० दिवस, दोन वर्षे असली कलमे जन्माला येतात. संशय शास्त्रशुद्ध आहे, हे मला मान्य. पण एक किलो नऊशे ग्रॅमचे मूल कोणता कावा करून आले असेल?

खरा पेच पुढेच होता. बाळाची छाती तपासताना डॉक्टरांना एक बारीक आवाज ऐकू आला. तपासणीत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला लहानसे छिद्र दिसले. असली छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात, वर्षाने पुन्हा पाहू, असे डॉक्टर म्हणाले. इकडे वहिनीची रजा संपत आली. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पण सव्वीस आठवडेही संपतातच. नोकरी सोडून दोन वर्षे बाळाजवळ राहावे, असे तिच्या मनाने घेतले होते. पण नोकरी सोडली की सामूहिक विमाही सुटणार. आई बाळाजवळ राहिली तर बाळाचे छत्र जाते. छत्र ठेवायचे तर आईने सकाळी साडेआठची बस धरायची. हा पेच कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. माहितीपत्रकावर हसरे आई-बाप आणि गुटगुटीत मूलच असते.

ऑक्टोबरात बाळाला दादाच्या पॉलिसीत घालण्यासाठी एजंट घरी आले. चांगले गृहस्थ, बाबांच्या ओळखीचे. अर्जात एक रकाना होता : पूर्वी काही आजार, तपासणी, इस्पितळात मुक्काम? एजंट हळूच म्हणाले, "काका, हे छिद्राचं कशाला लिहिताय? ते आपोआप बुजतं. लिहिलंत तर कंपनी अडून बसेल." कोणी काही बोलेना. दादाने पेन खाली ठेवले.

बाबा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणाले, "तीस वर्षं तिकिटं फाडली मी. ज्याच्याजवळ खरं तिकीट नाही, त्याला मधल्याच थांब्यावर उतरवावं लागतं. आपल्या पोरीला मधे उतरवायचं नाही. सगळं लिही."

दादाने सगळे लिहिले. काचेच्या पेटीतले दिवस, छिद्र, तपासणीची तारीख, सारे काही.

नंतर मी नियम वाचले, तेव्हा बाबांच्या तिकिटाचा हिशेब पक्का निघाला. विम्याचा करार हा परमविश्वासाचा करार मानतात; आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगणे हे आपले कर्तव्य. सांगितलेल्या जुन्या आजारासाठी कंपनी फार तर ३६ महिने थांबायला लावू शकते. ही मर्यादा २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून खाली आली. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज 'माहिती लपवली' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. म्हणजे खरे बोलण्याची किंमत एका आजारापुरती आणि तीन वर्षांपुरती. खोटे बोलले तर मात्र टायफॉइडच्या दाव्यालाही कोणी जुना कागद काढून दाखवील, ही धास्ती कायमची. कंपनीने आमचा अर्ज स्वीकारला. छिद्रासाठी ३६ महिन्यांची अट घातली, बाकी सर्व मान्य केले. तेवढ्यात एक गोड बातमीही आली होती : वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्यावर आला होता.

पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत मी ती शब्दकोश घेऊन वाचून काढली. माझ्या मैत्रिणींपैकी कित्येकींवर ही वेळ उद्या येणारच आहे, म्हणून एक कलम सांगते. खोलीभाड्याची मर्यादा पाहावी. समजा, मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि आपण १०,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ५,००० आपल्या खिशातून जातात असे नाही; डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे अशा त्या खोलीशी जोडलेल्या खर्चांचेही निम्मेच पैसे मिळू शकतात. मोठा माणूस सामान्य कक्षात एकटा निजेल. तान्ह्या मुलासोबत आईला राहावेच लागते, म्हणून बाळाच्या बाबतीत खोली हाच कळीचा मुद्दा होतो. आमच्या पॉलिसीत ही मर्यादा नव्हती. हप्ता थोडा जास्त, पण तो आम्ही डोळे उघडे ठेवून पत्करला.

याच सुमारास न्यू जर्सीहून वहिनीच्या मावसबहिणीचा फोन आला. तिने पहिल्याच वाक्यात विचारले, "डेंटल घेतलंस का गं?" तिच्या मुलाची दोन कार्डे आहेत, एक तब्येतीचे, एक दातांचे. तिकडे नोकरीतल्या विम्यात बाळाचे नाव जन्मापासून ३० दिवसांत घालावे लागते, मग संरक्षण जन्मतारखेपासून धरतात. २०१० च्या तिकडच्या कायद्याने मुलांच्या दातांची निगा ही दहा अत्यावश्यक सेवांपैकी एक ठरवली आहे. आजीने हे ऐकले आणि बाळाचे बोळके दाखवून म्हणाली, "दात नाहीत तोवरच विमा? मग माझाही काढा, माझेही बोळकेच आहे!"

सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. दुधाचे वीस दात गर्भातच घडू लागतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ येते. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी दातांचा खर्च देतात तो अपघाताने किंवा मोठ्या आजाराने इस्पितळात राहावे लागले तर. कीड, चांदी, दुखणारी दाढ हे सारे दवाखान्याच्या खुर्चीतले खर्च, ते पॉलिसीबाहेर. याचेही कारण आहे. विमा त्या संकटासाठी, जे थोड्यांवर येते आणि येते तेव्हा घर मोडते. दाताची कीड पुष्कळांना लागते आणि तिचा खर्च घर मोडण्याइतका नसतो. जे होणारच, त्याचा विमा महाग. त्यासाठी बचत बरी. म्हणून दादाने पोस्टात महिना ३०० रुपयांची आवर्ती ठेव उघडली. पाच वर्षांत मुद्दलच १८,००० होईल, आणि त्यानंतर लवकरच पहिली कायमची दाढ उगवेल. शिवाय आमच्या गावी शासकीय दंत महाविद्यालय आहेच. राहिली निगा : रात्री तोंडात दुधाची बाटली देऊन निजवायचे नाही आणि हिरड्या ओल्या स्वच्छ फडक्याने पुसायच्या. हे दुसरे आजी कोणत्याही विम्याविना साठ वर्षे करीत आली आहे.

हे सारे निवडताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. आमच्याजवळ निवडायला दोन पॉलिसी तरी होत्या. काचेच्या पेट्या घाटीतही आहेत, आणि तिथे कोणी प्रस्ताव-अर्ज मागत नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातले बाळंतपण आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत केले; पुढे ही सवलत एक वर्षापर्यंतच्या बाळांना मिळाली. मुलांच्या जन्मजात व्यंगांची आणि दातांचीही तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. या योजनांत खाटा कमी पडतात, रांगा असतात, ठरावीक रुग्णालये आणि ठरावीक उपचार असतात, हे खरे. पण जन्मल्याबरोबर मूल आपले मानायचे, ९० दिवस परके ठेवायचे नाही, ही त्यांतली भूमिका मला अधिक माणसासारखी वाटते. बाजाराचा संशय आणि समाजाची जबाबदारी यांतला फरक पाठ्यपुस्तकात एका वाक्याचा आहे. पाळण्याजवळ तो फार मोठा दिसतो.

वहिनी डिसेंबरात कामावर रुजू झाली. निदान वर्षाची तपासणी होईपर्यंत दोन्ही छत्रे असू देत, असे तिनेच ठरवले. दादाने पाळी बदलून घेतली, दुपारी आई असते, आणि माझे तास संपले की मी. हा त्याग कोणत्याही हप्त्याच्या पावतीवर लिहिलेला नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. सकाळी बाळ दारात तिच्या पदराला धरते, तेव्हा बोटे सोडवायचे काम माझ्याकडे असते.

बाळाला आठव्या महिन्यात खालचा पहिला दात आला. जूनमध्ये वाढदिवस आहे आणि त्याच आठवड्यात हृदयाची पुन्हा तपासणी. छिद्र बुजलेले असावे, एवढेच आमचे मागणे आहे. नसले, तर ३६ महिन्यांतले आठ तेव्हा सरलेले असतील आणि आमचा अर्ज खरा असेल.