बांधावरचा साग

शनिवारची सकाळ, चहा चालू होता. बाबांनी एक माहितीपत्रक समोर सरकवलं. "टिश्यूकल्चर साग. दिंडोरीच्या बांधावर लावू म्हणतो." वर सरळसोट खोडाचा फोटो, खाली वर्षं आणि लाखांचा हिशोब.

आमच्याकडे साग हा शब्द जरा जपूनच काढतात. माझ्या जन्माआधी, नव्वदच्या दशकात, बाबांनी एका साग योजनेत पैसे घातले होते. झाडं कुठे आहेत हे कधी कळलंच नाही. अशा योजनांसाठी सेबीचे नियम 1999 मध्ये आले, तोवर त्या ऑफिसला कुलूप! पावती अजून आईच्या कपाटात आहे.

पण टिश्यूकल्चर ही थाप नाही बरं का. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्कारेन्हस आणि सहकाऱ्यांनी शंभर वर्षांच्या सागाच्या डोळ्यांपासून बाटलीत फुटवे आणले. तो शोधनिबंध 1980 चा! सागाचं फळ टणक, उगवण बेभरवशाची, आणि बियाचं रोप आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून हा खटाटोप. डोळा निर्जंतुक करून साखर आणि क्षारांच्या माध्यमात ठेवायचा. सायटोकायनिनने फुटवे, ऑक्झिनने मुळं. जुन्या झाडाचा तुकडा मात्र माध्यम काळपट करतो, आत लपलेली बुरशी वर येते. यातून वाचलेलं रोप दमट बाटलीतून उघड्या हवेत आणलं की कोमेजतं. आम्ही नाही का म्हणत, "माझ्या मशीनवर तर चालतंय"... अगदी तस्संच.

बाबांना म्हटलं, द्राक्षाची काडी लावता ना, तोही क्लोनच. पण दोन बागांत माल सारखा येतो का? कॉपी होते ती जनुकांची. माती, पाऊस, वय यांची नाही. आतलं तपकिरी पक्कं लाकूड धरायला वर्षंच जावी लागतात. फोटोतलं खोड म्हाताऱ्या झाडाचं, हिशोब मात्र पोराच्या वयाचा. शिवाय आपल्याच बांधावरचा साग तोडायलाही परवानगी लागते.

"आणि सावली द्राक्षावर पडेल," आई आतून म्हणाली.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वीसच लावू. ओढ्याच्या बाजूला. निदान या वेळी झाडं कुठे आहेत ते तरी माहीत असेल."

यावर काय बोलणार! उद्या खड्ड्यांच्या जागा आखायला जातोय.