ताक घराला, तूप बाजाराला

आमचं मूळ घर कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेवरच्या डोंगरात आहे. आम्ही गवळी धनगर. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर वेगळे. आम्ही डोंगरावर एका जागी राहून गाई-म्हशी राखणारे. ऑफिसात हे मला दरवेळी समजावून सांगावं लागतं. आता आमच्या धनगरवाड्यात तीनच घरं उरलीत, त्यातलं एक बंद. बाबा नोकरीसाठी कर्जतला उतरले, मी इंजिनिअर होऊन लोकल पकडायला लागलो आणि आजी वरच राहिली. एका म्हशीसोबत.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी फ्रान्सला, क्लेर्मां-फेरांला पाठवलं. टायरसाठी प्रसिद्ध असलेलं शहर. पण त्याच्या आजूबाजूला विझलेल्या ज्वालामुखींचे डोंगर आहेत. एका शनिवारी तिथला एक सहकारी मला दक्षिणेकडे, कांताल भागात, त्याच्या मामाच्या गोठ्यावर घेऊन गेला. कांतालचा डोंगर ज्वालामुखीचा, आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. चढणीवरचा काळा दगड बघून मला पहिल्यांदा तिथं परकं वाटलं नाही.

गोठ्यात सालेर जातीच्या गाई होत्या. गडद तांबूस रंग, वर वळलेली लांब शिंगं. मामानं एकेक वासरू सोडलं. ते धावत आपल्या आईकडे गेलं, चार घोट प्यालं, मग त्यानं ते ओढून गाईच्या पुढच्या पायाशी बांधलं. गाय त्याला चाटत राहिली आणि तो धार काढायला बसला.

मी मोठ्यानं मराठीतच म्हणालो, "अरे, हे तर आम्ही करतो!"

सहकाऱ्यानं समजावून सांगितलं, वासरू जवळ नसेल तर ही गाय दूध देत नाही. मला समजावायची गरज नव्हती. आपल्याकडे त्याला पान्हा म्हणतात. दुधासाठी पैदास केलेल्या बहुतेक युरोपीय गाई यंत्राला दूध देतात. आपल्या म्हशी आणि देशी गाई मात्र अजून बऱ्याचदा वासरासाठी अडून बसतात, आणि ही सालेरही. त्यामुळे तिची धार काढणं वेळखाऊ. सालेर नावाचं चीजसुद्धा आज बरंचसं दुसऱ्या जातींच्या गाईंच्या दुधाचं असतं. फक्त सालेर गाईचं दूध वापरणारी मोजकीच कुटुंबं उरली आहेत. त्यांच्या चीजला 'ट्रॅडिशन सालेर' असं वेगळं नाव आहे.

धारोष्ण दूध तिथंच एका मोठ्या लाकडी पिंपात ओततात. त्याला जेर्ल म्हणतात. दूध तापवत नाहीत. अंगच्या उबेतच त्यात रेनेट घालतात, तासाभरात ते घट्ट होतं. मग ते कापायचं, पाणी काढायचं, दाबायचं, आंबू द्यायचं, पुन्हा चुरायचं, मीठ लावायचं आणि कापडात बांधून परत दाबायचं. चाळीसेक किलोचा एक गोळा, तळघरात निदान तीन महिने. जेर्ल साबणानं धूत नाहीत. लाकडात मुरलेले जिवाणूच नव्या दुधाला विरजण लावतात. आजीचं विरजणाचं मडकंही असंच, फक्त तिच्याकडे त्याचं शास्त्र कुणी लिहून घेतलेलं नाही.

परतताना मी सहकाऱ्याला विचारलं, एवढा खटाटोप कशाला? दूध विकून मोकळं व्हावं. तो म्हणाला, कुणाला विकणार? वर माणसं नाहीत, खाली उतरेपर्यंत दूध टिकत नाही. गवत उन्हाळ्यात, हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. मग उन्हाळ्याचं दूध हिवाळ्यापर्यंत न्यायचं तर त्यातलं पाणी काढून टाकायचं. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं. डोंगरावरून दहाऐवजी एकच किलो उतरवायचं.

माझ्या भाषेत याला कॉम्प्रेशन म्हणतात. आणि मग लक्षात आलं की आमच्या घराण्यानंही तेच केलं.

आमच्याकडे गवत पावसाळ्यात. नेमकी तेव्हाच खाली उतरायची वाट शेवाळलेली असते आणि ओढा दोन-दोन दिवस उतरत नाही. आषाढ-श्रावणात दूध भरपूर आणि गिऱ्हाईक डोंगराखाली. म्हणून आजी विरजायची, घुसळायची, लोणी कढवायची. म्हशीच्या दुधाचं एक किलो तूप करायला पंधरा लिटर तरी दूध लागतं. आजोबा ते डब्यात भरून गणपतीच्या आधी खोपोलीला उतरवायचे. मोदकांवर तूप लागतंच, भाव चांगला यायचा.

चीजला दहा-बारा अंशांचं तळघर लागतं. आमच्या डोंगरात श्रावणात भिंतींनाही बुरशी येते. तुपात पाणीच उरत नाही, म्हणून त्यावर काही वाढत नाही. फडताळात ठेवा, टिकतं. आणखी एक फरक मला उशिरा कळला. चीजमध्ये दुधातलं प्रथिन बाजारात जातं. तुपात फक्त स्निग्धांश जातो, बाकी सगळं ताकात उरतं. ते आमच्या घरची मुलं प्यायची. भात-ताक, नाचणीची भाकरी आणि ताक. आजी म्हणते, ताक घराला, तूप बाजाराला. मला ती म्हण वाटायची. तो हिशेब होता.

परत आल्यावर मात्र मी हे सगळं विसरलो आणि स्वप्न रंगवलं. कर्जतभर फार्महाऊस झालीत, शनिवार-रविवारी मुंबईचे लोक येतात, त्यांना 'सह्याद्रीचं चीज' विकायचं. आजीची म्हैस राहील, अजून चार येतील. एक्सेलमध्ये आकडे छान दिसत होते. मी ऑनलाइन रेनेट मागवलं, सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं, आणि आजीच्या म्हशीच्या पाच लिटर दुधाचं चीज करून कर्जतच्या फ्लॅटमधल्या फ्रिजमध्ये ठेवलं. दीड महिन्यानं ते घेऊन वर गेलो. तडकलेलं, कडवट. आजीनं तुकडा जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "साबन खाल्ल्यागत लागतंय."

मग तिनं विचारलं, "तिकडं दूध घट्ट कशानं करतात?"

मी खरं सांगितलं. दुधावरच्या कोवळ्या वासराच्या पोटातून काढलेल्या रसानं. मला वाटलं ती कानांवर हात ठेवेल. ती म्हणाली, "मग गाय पान्हवते कुनाला?"

मी तिला सालेरचं सांगितलं. वासरू पायाशी बांधतात, गाय त्याला चाटते, मग धार. ती बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, "म्हंजे मारतात ती दुसऱ्याची." खरंच होतं. रेनेट मांसासाठी कापलेल्या वासरांचं येतं. पण आमचीही बाजू स्वच्छ नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही पारडू मारत नाही. पण ते रेडा निघालं तर कुणाला नको असतं. आजीच्या म्हशीचं पारडू रेडाच होतं.

२०२२च्या ऑगस्टमध्ये कांतालचं गवत दुष्काळानं करपलं, तेव्हा शेतकऱ्यांनी सालेर चीज बनवणंच थांबवलं होतं. गाईच्या खाण्यात किमान ७५ टक्के कुरणातलं गवत हवं, हा त्यांचा नियम. तो पाळता येत नाही, तर त्या नावाचं चीजही नाही. नियम त्यांनीच केलेला आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे मोजतं. आजीचा नियम कुणी लिहिलेला नाही आणि खोपोलीच्या दुकानात तिचं तूप कुठल्याही डब्यातल्या तुपाच्या भावानंच जायचं. माझ्या एक्सेलमध्ये हा रकाना नव्हता. दुसराही नव्हता: रोज पहाटे वर धार कोण काढणार? मी नाही. हे मला आधीपासून माहीत होतं.

या वर्षी होळीनंतर म्हैस विकली. आजीचे गुडघे आता चढण घेत नाहीत. मी रजा काढून गेलो होतो. घेणारा खालापूरकडचा. त्याला फक्त म्हैस हवी होती. आजी म्हणाली, पारडू जवळ नसेल तर ती दूध देणार नाही. तो हसून म्हणाला, "मावशे, इंजेक्शन असतं आता."

आजी उठली आणि दावं परत खुंट्याला गुंडाळायला लागली. बाबांनी समजावलं, मीही समजावलं. शेवटी व्यवहार झाला तो असा: भाव चार हजारांनी कमी, आणि पारडू म्हशीबरोबर जाईल. ते दूध पिणं सोडेपर्यंत तो ते ठेवेल, असं त्यानं कबूल केलं. पुढे काय झालं ते विचारायला मी फोन केलेला नाही.

त्या रात्री आजीनं ताकाचं शेवटचं मडकं माझ्यासमोर ठेवलं. भातावर ओतून घेतलं. तूप तिनं वाढलं नाही. सवयीनं ते बाजारासाठी बाजूला काढलेलं होतं.