अमेरिकेंतील एक वाटणी

एकत्र कुटुंब मोडलें कीं त्याचें खापर आपल्याकडे बहुधा घरांतील स्त्रियांच्या माथीं फुटतें. जावाजावांचें पटलें नाहीं, धाकटीनें नवऱ्याचे कान भरले, असें सांगून लोक मोकळे होतात. जमाखर्चाची वही मात्र कोणी उघडून पाहत नाहीं. वस्तुतः पुष्कळ घरांत चूल वेगळी होते ती एका भावाची मिळकत अकस्मात् वाढल्यामुळें. मागाहून जीं कारणें सांगितलीं जातात तीं केवळ निमित्तें असतात. या गोष्टीचें ठळक उदाहरण मला सांपडलें तें मात्र आपल्या समाजांत नव्हे, तर अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉलमध्यें.

माझी भाची ऑरेगन राज्यांत कॉर्व्हालिस या गांवीं असते. २०२३ च्या शरद् ऋतूंत मी कांहीं आठवडे तिच्याकडे होतों. गांव लहान, तेथील ऑरेगन स्टेट विद्यापीठ हाच त्याचा प्राण. सामन्याच्या दिवशीं आजीबाईंपासून तान्ह्या मुलापर्यंत सारें गांव नारिंगी कपडे घालून जत्रेला लोटावें तसें क्रीडांगणाकडे लोटतें. परंतु त्या वर्षीं या उत्साहावर सुतकाची छाया होती. ज्या क्रीडामंडळाचें मूळ १९१५ सालापर्यंत जातें आणि ज्याच्या आरंभींच्या चार सभासदांत हें विद्यापीठ होतें, तें मंडळ त्याच उन्हाळ्यांत फुटलें होतें.

येथें थोडा खुलासा करावयास हवा. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत पायांपेक्षां हातांचेंच काम अधिक. लांबट चेंडू कवेंत घट्ट धरून प्रतिपक्षाच्या भिंतीसारख्या रांगेंतून वाट काढणें, हें त्या खेळाचें सार. महाविद्यालयांमधील पहिला सामना १८६९ सालीं न्यू जर्सी राज्यांतील रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यांत झाला. पुढें शेजारशेजारच्या विद्यापीठांनीं आपापलीं मंडळें स्थापिलीं. त्यांना तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. ओळखीचा शेजार, प्रवासाला सोईचें अंतर आणि दरवर्षीं ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशीं झुंज, ही त्यांमागील कल्पना. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट या एकाच राज्यांतील विद्यापीठांचा सामना १९१० पासून २०२३ पर्यंत दरवर्षीं होत आला. दसरा चुकेल, पण तो सामना चुकावयाचा नाहीं, अशी त्याची मातबरी.

या घरांत पैसा शिरला तो टेलिव्हिजनच्या वाटेनें. किती सामने दाखवावयाचे हें पूर्वीं विद्यापीठांची मध्यवर्ती क्रीडासंस्था ठरवीत असे. ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूनें त्याविरुद्ध दावा लागला, आणि १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं तें बंधन मोडून काढलें. विरुद्ध मत देणाऱ्यांपैकीं न्यायमूर्ति बायरन व्हाइट हे तरुणपणीं कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटु होते. हा खेळ शिक्षणाचें अंग राहावा यासाठीं असलीं बंधनें हवींत, असें त्यांचें म्हणणें होतें. निकालानंतर मिळकत ज्याची त्याची झाली. टेक्सासकडील साउथवेस्ट मंडळ १९१४ सालीं स्थापन झालेलें. तें १९९६ सालीं मोडलें, त्यांत या वाऱ्याचा वाटा मोठा होता.

पश्चिम किनाऱ्यावरील बारा विद्यापीठांच्या घरांत टेलिव्हिजनच्या उत्पन्नाचे बारा सारखे वाटे होत. लॉस एंजेलिससारख्या महानगरांतील विद्यापीठाच्या पानावर जेवढें वाढलें जाई, तेवढेंच पुलमनसारख्या आडगांवच्या वॉशिंग्टन स्टेटच्या पानावर. २०२२ च्या जूनमध्यें लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनीं, सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए यांनीं, बिग टेन या दूरच्या मंडळांत जाण्याचें जाहीर केलें. त्याच ऑगस्टांत बिग टेननें फॉक्स, सीबीएस व एनबीसी या कंपन्यांशीं सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला. २०२३ च्या जुलैंत कोलोराडो बाहेर पडलें, आणि ४ ऑगस्ट रोजीं एकाच दिवसांत आणखी पांच विद्यापीठें गेलीं. त्यांपैकीं ऑरेगन व वॉशिंग्टन यांनीं बिग टेनमध्यें सुमारें निम्माच वाटा पत्करला. तेथील अर्धें पानहि येथल्या भरल्या पानापेक्षां मोठें होतें. १ सप्टेंबर रोजीं स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांना अटलांटिक किनाऱ्याच्या नांवानें चालणाऱ्या मंडळानें कमी वाट्यावर आसरा दिला. मागें राहिलीं दोनच: ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

बिग टेन म्हणजे नांवानें दहांचें मंडळ. त्यांत २०२४ पासून अठरा सभासद आहेत. पॅसिफिककांठचें यूसीएलए आणि न्यू जर्सींतील रटगर्स यांच्यामध्यें सुमारें अडीच हजार मैलांचें अंतर आहे. घड्याळांतच तीन तासांचा फरक. फुटबॉलचा संघ वर्षाकाठीं डझनभर सामने खेळतो, आणि बहुधा शनिवारीं. परंतु व्हॉलीबॉल, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना आठवड्याच्या मधल्या वारींहि विमानानें खंड ओलांडावा लागतो, आणि परत येऊन वर्गांत बसावें लागतें. ज्या पैशासाठीं हा फेरा, तो त्यांच्या खेळानें मिळालेला नसतो. थोरल्यानें बिऱ्हाड हलविलें कीं मुलांच्या शाळेचें काय होईल हें कोणी विचारीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

कॉर्व्हालिसमध्यें जो तो जुन्या घराची आठवण काढून हळहळत होता. एकमेकांचीं सुखदुःखें, हेवेदावे, तीन तीन पिढ्यांच्या पैजा, सारें गेलें म्हणून लोक कष्टी होते. भाचीनें मात्र एके रात्रीं जेवतांना मला विचारलें, "मामा, त्या जुन्या घरांत स्वयंपाक कोण करीत होतें?"

तिच्या प्रश्नाचा रोख माझ्या ध्यानीं आला. अमेरिकेंतील अनेक राज्यांत सर्वांत अधिक पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो. विद्यापीठाच्या फुटबॉलसंघाचा शिक्षक असतो. मैदानावर हाडें मोडून घेणाऱ्या मुलांना मात्र शिक्षणाचा व राहण्याजेवण्याचा खर्च यापलीकडे फारसें कांहीं मिळत नसे. बारा सारखे वाटे होत हें खरें. पण तेरावा वाटा कोणी मांडलाच नव्हता. आपल्या एकत्र कुटुंबांची थोरवी गातांनाहि आपण हेंच विसरतों. सर्वांचीं पानें सारखीं वाढणारी सून, किंवा पदरीं पडलेली विधवा आत्या, स्वतः सर्वांच्या शेवटीं बसे. घर एकत्र राहिलें तें तिच्या बिनपगारी कष्टांवर. आणि मोडलें तेव्हां दोषहि तिलाच.

म्हणून चूल वेगळी करणाऱ्यांनीं न्याय केला असें मात्र नव्हे. त्यांच्या स्थलांतराचें कारण कंपन्यांचे करार होते, मुलांचे कष्ट नव्हते. मुलांच्या पदरीं जें पडलें तें मुख्यतः न्यायालयाच्या दाराशीं उभें राहिल्यामुळें. २०२१ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका मर्यादित प्रश्नावर, पण नऊहि न्यायमूर्तींच्या एकमतानें, खेळाडूंच्या बाजूनें निकाल दिला. जुलैपासून स्वतःच्या नांवावर व छबीवर पैसे मिळविण्याची त्यांना मोकळीक झाली. २०२५ च्या जूनमध्यें न्यायालयानें मंजूर केलेल्या तडजोडीनें विद्यापीठांना खेळाडूंस प्रत्यक्ष पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागें सुमारें २ कोटी ५ लाख डॉलर.

वेगळें होणें हें स्वतः पाप नव्हे. बिग टेनच्या संस्थापकांपैकीं शिकागो विद्यापीठानें, रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष असतांना, १९३९ सालीं आपला फुटबॉलसंघच बंद केला आणि १९४६ सालीं मंडळहि सोडलें. श्रीमंत घर शोधण्यासाठीं तें बाहेर पडलें नव्हतें. आणि त्याच्या विद्येस त्यामुळें उणेपणा आला नाहीं.

मागें राहिलेल्या दोन विद्यापीठांनीं मंडळाचें नांव टाकलें नाहीं. बॉयसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट यांसारख्या नव्या मंडळींना बोलावून २०२६ पासून घर पुन्हा मांडण्याचें त्यांनीं ठरविलें. त्या घरास माझ्या मनापासून शुभेच्छा आहेत. आपल्याकडे वाटणीचा कागद होतो तेव्हां शेत, वाडा, दागिने, अगदीं तांब्यापितळेचीं भांडींसुद्धां मोजून लिहिलीं जातात. तीं भांडीं ज्या हातांनीं वर्षानुवर्षें घासलीं त्यांची नोंद त्या कागदांत नसते. नवें घर मांडणाऱ्यांनीं, मग तें कॉर्व्हालिसमध्यें असो वा आपल्या वाड्यांत, ती नोंद पहिल्या ओळींत करावी.