आमच्या घरांतला वाजंत्री

"मुलगा काय करतो?" या प्रश्नाला आमच्या घरांत सध्यां तीन उत्तरें आहेत. माझी धाकटी भावजय सांगते, "अमेरिकेंत ध्वनिशास्त्राच्या क्षेत्रांत असतो." बंधु सांगतात, "मोठमोठ्या समारंभांची व्यवस्था पाहतो." आणि घरांतलीं लहान मुलें पाहुण्यांसमोर सरळ सांगून मोकळीं होतात, "दादा डीजे आहे!" तिन्ही उत्तरांत खोटें असें एकहि नाहीं, पण मुलांचें उत्तर ऐकतांच पाहुण्यांच्या हातांतला चहाचा पेला क्षणभर थबकतो, आणि भावजय उगाच स्वयंपाकघरांत निघून जाते. पुतण्यानें अभियांत्रिकीची पदवी घेतली, चांगली नोकरी धरली, आणि ती सोडून हा धंदा पत्करला, याला आतां नऊ वर्षें झालीं. गेले दोन उन्हाळे मी त्याच्याकडे न्यू जर्सी राज्यांत एडिसन येथें राहिलों, आणि घरीं बसून करावयाचें काय म्हणून त्याच्याबरोबर अकरा लग्नांना गेलों; पाहुणा म्हणून नव्हे, तर त्याच्या टेबलामागचा मदतनीस म्हणून. तेथें जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवावेसें वाटतें. अशा चाकोरीबाहेरच्या धंद्यांत शिरलेलीं मुलें आज पुष्कळ घरांत आहेत, आणि त्या धंद्याचें नांव घेतांना घरचीं माणसें आवाज खालीं आणतात.

"डीजे" हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे, आणि तो निष्कारण झालेला नाहीं. मिरवणुकीच्या ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांची भिंत दारावरून जातांना खिडक्यांचीं तावदानें थरथरलेलीं ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला अधिक सांगण्याचें कारण नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. नियम छापलेले आहेत एवढेंच त्यांविषयीं म्हणतां येईल. त्या भिंतीविषयीं माझें मत वाईट आहे व तें तसेंच राहील. पण भिंत उभारणें आणि लग्न वाजविणें हे दोन निराळे धंदे आहेत.

मूळ इंग्रजी शब्द "डिस्क जॉकी", म्हणजे तबकडीचा स्वार. नभोवाणीवर तबकड्या लावून मधून मधून श्रोत्यांशीं बोलणाऱ्याला हें नांव अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत पडलें. पुढें या विद्येला नवें वळण ज्यांनीं दिलें, त्यांत कूल हर्क हा जमैकांत जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत वाढलेला तरुण प्रमुख होय. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं त्यानें जेथें तबकड्या वाजविल्या, त्या मेजवानीपासून हिप-हॉप संगीताचा जन्म मोजतात. त्याच्या असें ध्यानांत आलें कीं, गाण्यांतला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला म्हणजे नाचणाऱ्यांना खरा जोर चढतो, आणि नेमका तोच तुकडा कांहीं सेकंदांत संपतो. म्हणून त्यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारीं शेजारीं ठेविल्या. एकीवरचा तुकडा संपला कीं दुसरीवरचा सुरू, तोंवर पहिली मागें फिरवून तयार. कीर्तनांत नामघोष रंगला कीं बुवा आख्यान बाजूस ठेवून टाळकऱ्यांना मोकळें सोडतात, त्यांतलाच हा प्रकार. आतां तबकड्यांचें काम संगणक करतो. युक्ति तीच राहिली आहे.

पुतण्याच्या कानांवर एक मोठें श्रवणयंत्र असतें. त्याची एक वाटी कानावर व दुसरी कानामागें. एका कानानें तो सभागृहांत चाललेलें गाणें ऐकतो, दुसऱ्यानें पुढें येणारें, जें अद्याप कोणालाच ऐकूं येत नाहीं. दोहोंची लय जुळली कीं एक हळूच खालीं उतरवावयाचें व दुसरें वर आणावयाचें; नाचणाऱ्याच्या पावलाला सांधा कळतां कामा नये. लय थोडीशी ओढतां येते. फार ओढली तर गाण्याची कळा जाते. मग तो दुगुनीचा आश्रय घेतो: मिनिटाला सत्तर ठोक्यांचें गाणें एकशेंचाळीसाच्या गाण्याला बेमालूम जोडलें जातें. लहानपणीं माझ्याच आग्रहानें तो आठ वर्षें तबला शिकला होता. भावजयीला मी एवढेंच सांगतों कीं, ते पैसे वायां गेले नाहींत.

परंतु हात बसला म्हणजे हा धंदा आला असें नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १२ जून १९६७ रोजीं भिन्नवर्णीय विवाहांवर बंदी घालणारे राज्याराज्यांचे कायदे रद्द ठरविले. त्या वर्षींच्या नवदांपत्यांत असे विवाह शेंकडा ३ होते. प्यू संशोधन संस्थेच्या अहवालाप्रमाणें २०१५ सालीं ते शेंकडा १७ झाले. न्यू जर्सीसारख्या ठिकाणीं तर गुजराती, पंजाबी, तेलुगु, इटालियन, यहुदी, नायजेरियन, सगळीं घरें एका बाजारांत भेटतात आणि मुलें एका वर्गांत शिकतात. लग्नें जमतात ती मुलांचीं. पण सभागृहांत समोरासमोर बसतात ती दोन घरांतलीं म्हातारीं माणसें. त्यांना एकमेकांची भाषा येत नाहीं, आणि आपला विधि दुसऱ्याच्या गलबल्यांत हरवेल ही धास्ती दोन्हीकडे सारखी असते.

यासाठीं पुतण्याची एक जाड वही आहे. लग्नाच्या दोन महिने आधीं तो दोन्ही घरांशीं वेगवेगळा बोलतो. उजव्या पानावर काय वाजवावयाचें हें लिहितो, आणि डाव्या पानावर काय वाजवावयाचें नाहीं व केव्हां गप्प बसावयाचें हें. मला डावें पान अधिक वाचनीय वाटलें. शिखांच्या आनंद कारजांत ग्रंथसाहेबांपुढें कीर्तनावांचून दुसरें संगीत नाहीं. तोंवर यंत्राची पेटी उघडावयाची नाहीं. एका मुसलमान घराची सूचना, निकाहाच्या वेळीं व सायंकाळच्या नमाजाच्या वेळीं पूर्ण शांतता. यहुदी लग्नांत शेवटीं वर पायाखालीं कांचेचा पेला फोडतो. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचें तें स्मरण, असें सांगतात. पेला फुटण्यापूर्वीं एक स्वरहि निघतां कामा नये, आणि फुटतांच जो जयघोष उठतो त्यांत वाद्यें मिसळलींच पाहिजेत. योरुबा लोकांत नाचणाऱ्या वधूवरांवर आप्तेष्ट नोटा उधळतात. तेथें गाणें मध्येंच तोडलें तर ज्या मामाची पाळी राहिली त्याचा तो अपमान होतो. एका पानावर नुसतेंच लिहिलें होतें: "वधूचे वडील गेल्या वर्षीं वारले. बाप-लेकीच्या नृत्याचें नांव काढावयाचें नाहीं. चुलता उभा राहणार, असें वधू म्हणते. आईला तें अजून माहीत नाहीं." असलें ज्ञान पूर्वीं घरच्या उपाध्यायाजवळ असे. हल्लीं उपाध्याय घड्याळ पाहून येतात व दक्षिणा घेऊन दुसऱ्या लग्नाला जातात. त्यांचाहि निरुपाय आहे.

या अकरा लग्नांत मनांत राहिलें तें ज्येष्ठांतल्या एका शनिवारचें. वधू आपल्याकडची, मूळ घराणें सांगलीचें, वर ग्रीक. ग्रीक सनातनी चर्चांत ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तीशीं विवाह लागत नाहीं, म्हणून चर्चचा विधि होणार नव्हता. त्या विधींत फितीनें जोडलेले दोन मुकुट वधूवरांच्या मस्तकीं ठेवतात आणि धर्मगुरूमागून मेजाभोंवतीं तीन फेरे घालतात. वराची आजी ऐंशीच्या पुढची, काळा पोषाख केलेली, त्या मुकुटांविषयींच घरांत बोलत असे, हें पुतण्याला तिच्या सुनेकडून फोनवर समजलें. मंत्र परक्यांचे होतील, भाषणें इंग्रजींत होतील, आणि आपल्या घरचें असें कांहींच न होतां आपण खुर्चीवरून उठून परत जाऊं, ही तिची खंत. इकडे वधूच्या आजींनीं त्याला निराळेंच बजाविलें. "मंगलाष्टकें सगळ्यांना नीट ऐकूं आलीं पाहिजेत हो. आणि मुहूर्ताच्या आधीं तुझें यंत्र एकदां जरी वाजलें, तर मी उठून जाईन."

यांतलें दुसरें काम माझ्या आटोक्यांतलें होतें. पुतण्याला संस्कृत येत नाहीं. शेवटचें अष्टक कोठें संपतें हें त्याला कळणार कसें? आठवडाभर गाडींतून जातायेतां मीं त्याला शार्दूलविक्रीडित शिकविलें. एका चरणांत एकोणीस अक्षरें. बारांवर यति, मग सात. असे चार चरण. अर्थ न कळतांहि तो ताल त्याच्या अंगीं असा भिनला कीं, चवथ्या चरणांतला यति आला म्हणजे त्याचें बोट आपोआप कळीवर जाई. लग्नाच्या दिवशीं मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा होता. ग्रीक मंडळींच्या हातांत अक्षता दिल्या होत्या, आणि "सावधान" हा शब्द ऐकला कीं त्या टाकाव्या एवढेंच त्यांना सांगितलें होतें. तिसऱ्या अष्टकापर्यंत ती सगळी मंडळी तो शब्द आपणच मोठ्यानें म्हणूं लागली. अंतरपाट दूर झाला आणि सनई-चौघडा उठला, ना आधीं ना मागून. आजींनीं मान वळवून टेबलाकडे एकदां पाहिलें, आणि पदर सांवरून पुन्हां समोर पाहूं लागल्या. मी त्यांना ओळखत नव्हतों. पण त्या पाहण्याचा अर्थ मला कळला.

संध्याकाळची गोष्ट अधिक बिकट. ग्रीकांचा कालामातियानोस नांवाचा एक फेराचा नाच आहे. कालामाता या दक्षिणेकडील शहराच्या नांवावरून तो ओळखला जातो. त्याचा ताल सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा. म्हणजे आपला रूपक. सभागृहांत त्या वेळीं हिंदी चित्रपटांतलीं आठ मात्रांचीं गाणीं रंगांत आलीं होतीं. आठांतून सातांत सांधा जुळत नाहीं, पाऊल अडखळतेंच. पुतण्यानें सांधा केलाच नाहीं. गाणें पुरें होऊं दिलें व सर्व बंद केलें. तीनशें माणसांच्या सभागृहांत दहा सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. मग त्यानें म्हाताऱ्या आजीचें नांव घेतलें. हें नांव त्यानें तिच्या सुनेकडून पांच वेळां म्हणवून घेतलें होतें, कारण ग्रीक नांवांत आघात कोणत्या अक्षरावर पडतो याला फार महत्त्व. स्वर चुकल्यामुळें "इंद्रशत्रु" या शब्दाचा अर्थ उलटला व वृत्र मारला गेला, ती कथा मीं त्याला सांगितली होती; तिचा उपयोग असा होईल हें मला ठाऊक नव्हतें.

आणि मग जुनी, खरखरती तबकडी ऐकूं आली. क्लॅरिनेट, मागें तंतुवाद्य, आणि तो सातांचा ताल. तिच्या गांवाकडे लग्नांत हेंच गाणें वाजत असे, हें त्यानें आधींच विचारून ठेविलें होतें. म्हातारी उठली. कोणी हात देण्यापूर्वींच उठली. फेराच्या अग्रभागीं जाणाऱ्याच्या हातीं रुमाल असतो. तो तिनें नातसुनेच्या हातांत एका टोकानें दिला आणि दुसरें टोक स्वतः धरलें. एक लांब पाऊल, दोन आखूड. मंगळागौरीचे फेर खेळलेल्या वधूच्या मावश्या-आत्यांना तें चटकन् साधलें. तबला वाजविणारा तिचा चुलता कडेला उभा राहून बोटांवर रूपक मोजूं लागला व थोड्या वेळानें तोहि सांखळींत शिरला. गाणें जेमतेम तीन मिनिटांचें. तें संपत आलें तेव्हां म्हातारीचें डोकें वर होतें व ती दुसऱ्या कोणाकडेच पाहत नव्हती. पुतण्यानें क्लॅरिनेटचा तुकडा धरला व पुन्हां पुन्हां फिरविला, सातांच्या सातांत बरोबर बसवून, ब्राँक्समधल्या त्या तरुणाच्या युक्तीनें. नऊ मिनिटें तो नाच चालला. ती आपण होऊन थांबली, तेव्हां यंत्र थांबलें.

त्यानंतर आम्ही जेवलों. कोठें, तें सांगतों. मागच्या बोळांत, छायाचित्रकाराच्या पेट्यांशेजारीं, उभ्यानें. तिकडे कंत्राटांत याला "विक्रेत्यांचें जेवण" असें नांव आहे. पाहुण्यांचें पान निराळें, कामकऱ्यांचें निराळें. आपल्याकडे सनईवाले मांडवाच्या दारीं बसत, शुभकार्य त्यांच्यावांचून अडे, आणि त्यांचें पान शेवटच्या पंगतीनंतर मांडलें जाई. मीं लहानपणीं तें पाहिलेलें आहे व तेव्हां कोणालाहि त्यांत वावगें वाटत नसे. "काका, हें नेहमींचेंच आहे. भात गरम आहे, आधीं जेवा," असें पुतण्या म्हणाला. तो जेवला. मला मात्र तो बोळ, आणि चहाचा पेला हातांत थबकवणारे आमच्या दिवाणखान्यांतले पाहुणे, हीं एकाच घरचीं वाटलीं.

या धंद्यांतलें सगळेंच मला रुचतें असें नाहीं. मराठी वरानें घोड्यावर बसून पंजाबी ढोलाच्या तालावर वाहनतळाला फेरी घालावी, ही हौस चित्रपटांतून आलेली आहे, आणि तिच्यांत ना त्यांचें राहतें ना आपलें. मीं तें पुतण्याला बोलून दाखविलें. तो म्हणाला, "त्यांना हवें असतें, काका. मी नको म्हणणारा कोण?" रात्रीं अकरानंतर तर मीं कानांत कापूस घातला.

परवां त्याचा फोन आला होता. पुढच्या महिन्यांतल्या लग्नांत वधू गुजराती व वर पोलिश आहे. पोलिश घरांत नवदांपत्याचें स्वागत आईबाप दारांत पाव आणि मीठ देऊन करतात. गुजराती मंडळींना त्याच वेळीं त्याच दारांत गरब्याचा फेर धरावयाचा आहे. कोणतें आधीं, यावर दोन्ही घरांचें अजून एकमत नाहीं. पुतण्यानें वहींतलें तें पान तूर्त कोरें ठेविलें आहे.