पाल्यासकट बीट

हल्ली बाजारात बीट पाल्याशिवाय मिळतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. देठापाशी छाटलेले, धुऊन चकचकीत केलेले गड्डे. साताऱ्याला आमच्या परसात मात्र बीट लावायचं ते निम्मं पाल्यासाठीच.

दिवाळीचा फराळ संपत आला की आजी वाफा करायची. बी रात्रभर भिजत घातलेलं असे. बीटाचं बी म्हणजे खरं तर बियांचा खडबडीत झुबका. एका दाण्यातून दोन-तीन रोपं वर येतात, तेव्हा विरळणी केल्यावाचून सुटका नाही. उपटलेली इवली रोपं मुळांसकट मुगाच्या डाळीत जायची. पुढे बाहेरची पानं खुडून लसणीच्या फोडणीवर भाजी. पालकाचा भाऊबंदच तो, चवीला जरा मातकट, आणि डाळ गुलाबी करून टाकणारा. आडाचं पाणी मचूळ; मिरच्या त्यावर रुसायच्या, बीटाला काही नाही. त्याचा मूळपुरुष युरोपातल्या समुद्रकाठचा, खारं त्याला चालतं.

गड्डा उकडताना दोन बोटं देठ ठेवायचं, शेपटी कापायची नाही, साल काढायची नाही. नाहीतर सगळा रंग पाण्यात. उकडल्यावर अंगठ्याने रेटलं की साल आपसूक सुटते. मग दाण्याचं कूट, मिरची, तूप-जिऱ्याची फोडणी, आणि दही अगदी पानं घेताना. आम्ही मुली त्या रंगाने ओठ रंगवून घ्यायचो आणि ओरडा खायचो.

आता पुण्यात माझ्या गॅलरीत ग्रो बॅग आहेत, कोकोपीट आहे, आणि मुलाने ऑनलाइन मागवलेलं ‘हेरलूम’ बियाणं. इटलीतल्या किओज्जाचं. कापलं की आत पांढरी-गुलाबी वर्तुळं. देखणं खरं, पण उकडलं की वर्तुळं फिकटतात, आणि कोशिंबिरीत मला तरी ते मिळमिळीत लागलं. आजीच्या पुडीवर ‘डेट्रॉइट डार्क रेड’ असायचं. तो वाण 1892 सालचा, आजही बियाण्यांच्या दुकानात सहज मिळतो. त्याला कुणी वारसा म्हणत नाही, स्वस्त आहे ना!

आणि पूर्वी सगळं बियाणं घरचं असायचं, हेही बीटाच्या बाबतीत खोटं. वालाचं, दोडक्याचं बी आजी राख चोळून गाडग्यात ठेवायची. बीट हे दोन वर्षांचं झाड, फुलायला लांबलचक थंडी मागतं. साताऱ्याच्या हिवाळ्यात ते बी धरत नाही. त्यामुळे पुडी दरवर्षी बाजारातूनच यायची. गेला तो पाला. बी होतं तसंच आहे.

यंदा मी साधं लालच लावलंय. ग्रो बॅगेत गड्डे जेमतेम लिंबाएवढे होतात, पाला मात्र भरपूर. सुनेने परवा तो पराठ्यात घातला. बरा झाला होता, लसूण घालताना हात आखडला होता एवढंच.